१२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळ संख्या आहे का? तिच्यात खास काय आहे?

मूळ नाही. नऊ एक्क्यांचा म्हणजे १११११११११ चा वर्ग आहे तो, मूळ कुठून असणार. बाकीचं उत्तर लांबणार, कारण ह्याच आकड्यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर महाभारत झालंय.

थोरल्या मेव्हण्यांनी हा गुणाकार फॉरवर्ड केला, "प्राचीन गणिताचा चमत्कार" म्हणून. मी लिहिलं, चमत्कार कसला, एकेक घर सरकवत नऊ ओळी मांडा आणि उभी बेरीज करा, मधे नऊ एक्के येतात, बाजूला आठ, मग सात, कुठेच हातचा नाही म्हणून आकडे ओळीत उभे राहतात. तर म्हणे दहा एक्के घे, १२३४५६७८९०९८७६५४३२१ येतं, पॅटर्न चालूच राहतो! अहो मधल्या घरात दहा झाले, शून्य लिहा हातचा एक, शेजारचे नऊ आणि एक परत दहा, परत शून्य हातचा एक, मग आठाचे नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. वहीचा फोटो टाकला. त्यांनी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरचा स्क्रीनशॉट टाकला, १.२३४५६७९ आणि पुढे घातांक. त्यात दोन्ही उत्तरं बसतात, त्याने काय सिद्ध होणार? शेवटी म्हटलं, तुमच्या आकड्यातल्या अंकांची बेरीज ९०, म्हणजे त्याला ३ ने भाग जातो, दहा एक्क्यांची बेरीज १०, तिथे जात नाही, मग वर्गाला कसा जाईल? त्यावर "किती मनाला लावून घेतेस" आणि एक हसरा इमोजी.

असो. अवयव पाडले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग, म्हणजे एकूण ४५ विभाजक. मला आवडतं ते वेगळंच. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने निःशेष भाग जातो, भागाकार १२३४५६७९ चा वर्ग (आठ गायब, नीट बघा). स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना हर्षद म्हणतात. एक ते नऊ एक्क्यांच्या वर्गांमधे १ सोडला तर फक्त १२३२१ आणि ही, दोनच हर्षद.

हर्षद हे नाव गणिती द. रा. कापरेकरांचं, १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. १२१, १२३२१ ह्या माळेलाही त्यांच्यामुळेच डेम्लो संख्या म्हणतात, तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवरून, म्हणजे आत्ताचं डोंबिवली. "प्राचीन" म्हणून फिरवताना ह्या माणसाचं नाव गाळतात तेव्हा खरंच डोकं फिरतं.

स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर हातचा कुठे येतो तेवढं बघा, पाठ करू नका. डेम्लो संख्या ह्या माळेपुरत्याच नाहीत हां, ही फक्त प्रसिद्ध मंडळी. आणि नऊपर्यंतच जमतं ते दशमान पद्धतीत. सोळाच्या पद्धतीत पंधरा एक्क्यांपर्यंत हातचा येत नाही, तेव्हा कुणी विश्वाचं रहस्य वगैरे म्हणालं तर कुठल्या पद्धतीतलं ते आधी विचारा. मी विचारलं होतं, अजून "टायपिंग" दिसतंय.