संगीताचं वेड असलेला एखादा वास्तुविशारद तुम्हाला आठवतो का? त्याच्या आयुष्याबद्दल सांगाल?

आठवतो. यानिस झेनाकिस. त्याची पदवी स्थापत्य अभियांत्रिकीची, वास्तुकलेची नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. पण बारा वर्षं त्याने विख्यात वास्तुविशारद ल कार्बुझिएच्या पॅरिसमधल्या स्टुडिओत काम केलं, इमारती रेखाटल्या, आणि त्या सगळ्या काळात त्याचा जीव सुरांत अडकलेला होता.

मी त्याच्यापर्यंत पोहोचलो ते दोऱ्यांमुळे. कॉलेजात आम्हाला हायपरबोलिक पॅराबोलॉइडची प्रतिकृती करायला सांगितली होती. दोन लाकडी पट्ट्या एकमेकींशी तिरक्या उभ्या करायच्या, दोन्हींवर सारख्या अंतरावर खिळे ठोकायचे आणि पहिल्या खिळ्यापासून समोरच्या पहिल्या खिळ्यापर्यंत, दुसऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत असे दोरे ताणत जायचं. एकूण एक दोरा सरळ. पण पंचवीस-तीस दोरे बांधून झाले की मधे घोड्याच्या खोगिरासारखा वळलेला पडदा दिसायला लागतो. मी कितीतरी वेळ त्यावरून नुसतं बोट फिरवत बसलो होतो. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एका माणसाने हेच व्हायोलिनवर केलंय." त्या दिवसापासून झेनाकिस माझ्या डोक्यात आहे तो आजतागायत.

त्याचा जन्म १९२२चा, रोमानियातल्या ब्रइला गावचा, आईवडील ग्रीक. आई तो लहान असतानाच गेली. अथेन्सला अभियांत्रिकी शिकायला गेला आणि महायुद्ध येऊन धडकलं. ग्रीस व्यापणाऱ्या जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत तो उतरला. जर्मन गेल्यावर अथेन्समध्ये ब्रिटिश फौजांशी रस्त्यावरच्या लढाया झाल्या, त्यात तोफगोळ्याने त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू फाडली आणि तो डोळा कायमचा गेला. १९४७ साली बनावट पासपोर्टवर देश सोडून तो पॅरिसला पोहोचला. मागे ग्रीसमध्ये त्याला मृत्युदंड ठोठावला गेला. पुन्हा मायभूमीत पाऊल ठेवायला १९७४ साल उजाडावं लागलं.

अथेन्सच्या रस्त्यांवरच्या मोर्चांचा आवाज मात्र त्याच्याबरोबर आला. हजारो लोक एका तालात घोषणा देताहेत, गोळीबार सुरू होतो, ताल फुटतो, किंकाळ्या आणि गोळ्या एकमेकांत मिसळतात आणि मग सुन्न शांतता. झेनाकिसने हे स्वतःच लिहून ठेवलंय. एकेक सूर मोजण्याऐवजी सुरांचा अख्खा जमाव हाताळायचा, त्यासाठी संभाव्यतेचं गणित वापरायचं, ही त्याची वाट तिथूनच निघाली. त्याचं संगीत अनेकांना कोरडं, हिशेबी वाटतं. मला ते कधीच तसं वाटलं नाही. त्यात तो रस्ता ऐकू येतो.

दिवसा तो स्टुडिओत तुळया-खांबांची आकडेमोड करायचा आणि उरलेल्या वेळात संगीताचा गुरू शोधायचा. तिशीला टेकलेल्या या विद्यार्थ्याला काहींनी वाटेला लावलं. १९५१ साली तो संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँकडे गेला. मेसियाँने त्याला पारखलं आणि सांगितलं की नेहमीचा अभ्यासक्रम तुला नको. तू ग्रीक आहेस, वास्तुरचनेचं काम करतोस, गणित शिकलायस, तेच संगीतात आण. एका शिक्षकाने विद्यार्थ्याला याहून मोठं काय द्यावं!

त्यातून 'मेटास्टासिस' हे वाद्यवृंदासाठीचं संगीत आलं. १९५५ साली जर्मनीत ते पहिल्यांदा वाजलं. एकसष्ट वादक, त्यात सेहेचाळीस तंतुवाद्यं, आणि प्रत्येक वादकाला स्वतंत्र काम. आपल्याकडे मींड म्हणतात तसा सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेपर्यंत न तुटता घसरत जातो. झेनाकिसने या मींडा आलेखाच्या कागदावर काढल्या: आडवा काळ, उभी सुराची उंची, आणि प्रत्येक वाद्याची एक सरळ रेघ. रेघा कमी-जास्त तिरक्या, त्यामुळे सगळ्या मिळून वळलेला पृष्ठभाग. माझ्या पट्ट्यांमधले दोरेच!

पुढे १९५८च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनासाठी फिलिप्स कंपनीचं दालन करायचं होतं. ल कार्बुझिए चंडीगड शहराच्या कामात गुंतलेले, म्हणून आकार झेनाकिसच्या हाती आला. त्याने त्याच रेघा काँक्रीटमध्ये उभ्या केल्या. एका वेळी पाचशेच्या आसपास माणसं आत जायची, अंधारात शेकडो स्पीकरमधून संगीतकार एद्गार वारेझचं आठ मिनिटांचं संगीत भिंतींवरून फिरायचं. दालनाचं श्रेय कोणाचं यावरून मात्र ल कार्बुझिए आणि झेनाकिस यांच्यात कटुता आली. १९५९ साली दालन पाडलं गेलं, आणि त्याच साली झेनाकिसचा स्टुडिओही सुटला. पुढची चार दशकं, २००१ साली पॅरिसमध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत, तो मुख्यतः संगीतकारच राहिला.

ल कार्बुझिएच्या स्टुडिओतून घडलेला, फ्रान्समधल्या ल्योंजवळचा ला तूरेतचा मठ मात्र अजून उभा आहे. तिथल्या मोठ्या काचांमधल्या काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या कुठे दाट, कुठे विरळ बसवल्यात. ती लय झेनाकिसची.

ऐकायचं असेल तर 'काँक्रे पीएच'पासून सुरुवात करा. जेमतेम पावणेतीन मिनिटांचं आहे. फिलिप्सच्या त्या दालनात एक प्रेक्षकवर्ग बाहेर पडून दुसरा आत येईपर्यंत वाजवायला केलेलं. नावातलं पीएच म्हणजे तेच हायपरबोलिक पॅराबोलॉइड. वाद्य एकही नाही. जळत्या कोळशाचा आवाज ध्वनिमुद्रित करून, त्याचे बारीक तुकडे एकावर एक रचलेत. हेडफोन लावून, आवाज थोडा मोठा ठेवून ऐका. आधी काचेचा चुरा सांडल्यासारखं वाटेल, मग हळूहळू निखारे ओळखू येतील.