आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, मग आईला संधिवात नाही असं धरायचं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की आईचं वय ६६, खांदे आणि मनगटं दोन महिन्यांपासून सुजलेली, आरए फॅक्टर (रुमॅटॉइड संधिवातासाठी रक्तात बघतात ती अँटीबॉडी) निगेटिव्ह म्हणून डॉक्टर म्हणाले वयाचं दुखणं आहे, पण मावशीला पस्तिशीत झाला तेव्हा रिपोर्ट चांगला पॉझिटिव्ह होता, मग खरं काय. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी लॅबमध्ये आहे, ही टेस्ट रोजच हातून जाते. नाही असं अजिबात धरू नका.

आमच्याकडे काय करतात तर काळ्या काचेवर सीरमचा थेंब, त्यात टेस्टच्या लॅटेक्स नावाच्या दुधाळ द्रवाचा थेंब, मिसळून दोन मिनिटं काच हलवायची, दाणे धरले तर पॉझिटिव्ह, दुधासारखं एकसारखं राहिलं तर निगेटिव्ह. बस एवढंच. यावर आजार ठरत नाही, आणि वयानुसार तर या रिपोर्टचा अर्थच बदलतो.

तिशी-चाळिशीत सुरू झालेल्यांत आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (याच आजाराची दुसरी अँटीबॉडी) बहुतेक वेळा सापडतात, अँटी-सीसीपी तर सांधे दुखायच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असू शकते, त्यात काही जीन्सचा आणि विडी-सिगारेटचा हात असतो. साठीनंतरचा वेगळा वागतो, बऱ्याचदा एकदम येतो, खांदे धरतो, ईएसआर-सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) भरपूर वाढलेले, आणि अँटीबॉडी मात्र कित्येकांत नसतातच. उलट धडधाकट म्हाताऱ्या माणसातही आरए फॅक्टर थोडा पॉझिटिव्ह निघतो, टीबी किंवा हिपॅटायटिस सीमध्येही निघतो, म्हणून या वयात नुसत्या पॉझिटिव्हवरही विसंबू नये. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आली तर ती जास्त भरवशाची.

२०१० पासून डॉक्टर लोक जे निकष वापरतात त्यात १० पैकी ६ गुण लागतात, अँटीबॉडीचे जास्तीत जास्त ३, म्हणजे दहापेक्षा जास्त सांधे सुजले असतील आणि सहा आठवडे होऊन गेले असतील तर रक्त निगेटिव्ह असूनही ६ भरतात.

तर नागपूरला संधिवाताच्या डॉक्टरला, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टला दाखवा, हाडांच्या नाही. आधी चिकनगुनिया झाला होता का ते आठवून सांगा, आपल्याकडे त्याने पण सांधे महिनोन्महिने धरून राहतात. नुसते खांदे आणि कंबर-जांघा आखडत असतील तर पॉलीमायल्जिया म्हणून दुसरा आजार असू शकतो, तेही विचारा. आणि हात जोडून सांगतो, तोपर्यंत गावात कोणाकडून स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ नका, सूज उतरते अन् मग तपासताना डॉक्टरला काही दिसतच नाही. सकाळी उठल्यावर आईची मूठ वळायला किती वेळ लागतो तेवढं मात्र लिहून न्या, ते नक्की विचारतात.