काँगोहून परतलेल्या माणसाच्या तापाला ‘व्हायरल’ म्हणू नका

आफ्रिकेतल्या शांतिसेनेत गेलेल्या जवानांच्या घरून येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. पैसे कोण देतं, कोणती लस टोचायची, मलेरिया टाळायच्या गोळ्या कधी बंद करायच्या. उत्तरंही बदलत नाहीत, बदलतात त्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवा. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्रच घेतले आहेत.

सोमालियात आफ्रिकन युनियनची फौज आहे, त्यात आपलं सैन्य आहे का? – विद्यार्थी, पुणे

नाही. दोन गोष्टींची सरमिसळ होते आहे. 1993-94 मध्ये सोमालियात भारतीय ब्रिगेड होती, पण ती संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली. 2007 पासून तिथे आहे ती आफ्रिकन युनियनची मोहीम. तिच्यात आधी युगांडा आणि बुरुंडी, मग जिबूती, केनिया, इथिओपिया असे आफ्रिकी देशच सैन्य देत आले. तिचं नाव 2022 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये बदललं, त्यामुळे गोंधळ वाढला. आपल्या तुकड्या काँगो, दक्षिण सुदान आणि अबेई (सुदान आणि दक्षिण सुदान यांच्यातला वादग्रस्त पट्टा) इथल्या मोहिमांत असतात, आणि त्या संयुक्त राष्ट्रांच्या आहेत. स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत दोन्ही एकाच रकान्यात लिहिलेलं असेल, तर ते पान फाडा.

यूएन एका जवानामागे महिन्याला सव्वा लाख देते म्हणतात. मग आमच्या मुलाला तेवढे का मिळत नाहीत? मधले कोण खातं? – एक वडील, सातारा

कोणी खात नाही. करार संयुक्त राष्ट्रं आणि भारत सरकार यांच्यात असतो, जवानाशी नसतो. माणशी ठरलेला दर सरकारला परतफेड म्हणून मिळतो. जुलै 2018 पासून तो महिन्याला 1,428 डॉलर होता, पुढे थोडा वाढला. तुमच्या मुलाचा पगार आणि परदेशातला भत्ता आपल्या सरकारच्या नियमांप्रमाणेच ठरतो. संयुक्त राष्ट्रांकडून थेट हातात पडतो तो किरकोळ दैनिक भत्ता, दिवसाला 1.28 डॉलर.

दुसरा हिशेब सामानाचा, आणि त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही. तुकडी जाते ती चिलखती गाड्या, जनरेटर, पाणी शुद्ध करणारी यंत्रं, तंबू, स्वयंपाकघर, दवाखाना असं सगळं घेऊन. कोणती वस्तू किती आणि तिची देखभाल कोणाकडे, हे करारात लिहिलेलं असतं. देखभाल आपल्याकडे असेल तर परतफेडीचा दर जास्त. तुकडी पोहोचल्यावर पहिली तपासणी होते, नंतर दर तिमाहीला. एखाद्या प्रकारातली 90 टक्क्यांहून कमी वाहनं चालू असतील, तर पैसे कापले जातात. मोजणी चालू गाड्यांची होते, उभ्या गाड्यांची नाही. सुटा भाग भारतातून यायला वेळ लागतो, पावसाळ्यात दक्षिण सुदानचे रस्ते बंद पडतात, आणि एक इंजेक्टर नाही म्हणून गाडी तीन महिने तशीच उभी राहते. पैसे बुडतात ते इथे.

मुलाच्या भत्त्याबद्दल शंका असेल तर युनिटच्या अ‍ॅडज्युटंटला (कार्यालयीन कामकाज पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) किंवा रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा. गावातल्या माहीतगाराला विचारू नका.

एक जण पैसे घेऊन यूएन मिशनमध्ये नाव लावून देतो म्हणतो. द्यावेत का? – सांगली

फसवणूक आहे. पोलिसांत जा.

आपल्या जवानांना गोळी झाडायची परवानगी असते का? – कोल्हापूर

असते. स्वसंरक्षणासाठी, नागरिकांच्या रक्षणासाठी, आणि त्या मोहिमेच्या नियमांत बसेल तेवढीच. ‘शांतिसेना म्हणजे हात बांधलेले’ हा समज 1961 मध्येच खोटा ठरला. त्या वर्षी 5 डिसेंबरला काँगोतल्या एलिझाबेथव्हिलजवळ कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांनी रस्ता अडवून बसलेल्यांवर चढाई केली, त्यात ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. सिएरा लिओनमध्ये कैलाहुन इथे वेढल्या गेलेल्या गुरखा कंपन्यांना जुलै 2000 मध्ये लढूनच बाहेर काढावं लागलं. मात्र काँगोत 2013 मध्ये बंडखोरांवर चालून जाण्यासाठी जी खास ब्रिगेड उभारली, ती दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावी यांची होती, आपली नव्हे.

पिवळ्या तापाची लस उद्या घेतली आणि परवा विमानात बसलो तर चालेल? दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते ना? – नाशिक

चालणार नाही. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. एक डोस जन्मभर पुरतो. दहा वर्षांचा नियम जुलै 2016 मध्येच गेला. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा. लस फक्त अधिकृत केंद्रावरच घ्या. लस न टोचता नुसतं कार्ड देणारे एजंट आहेत. ते कार्ड विमानतळावर चालेल, डासापुढे चालणार नाही.

नवरा काँगोहून येऊन सोळा दिवस झाले. दोन दिवस ताप आणि अंगदुखी आहे. इथले डॉक्टर म्हणतात व्हायरल आहे, दोन दिवस वाट पाहू. मलेरिया टाळायच्या गोळ्या नवऱ्याने घरी आल्या दिवशीच बंद केल्या. – सातारा जिल्हा

वाट पाहू नका. पुढचं वाचण्याआधी त्यांना रक्त तपासायला घेऊन निघा.

प्रत्येक तुकडी परतली की ही एकच चूक पुन्हा दिसते. आफ्रिकेतला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा असतो. तो एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. डास चावला की परजीवी आधी यकृतात जातो, तिथे आठवडाभर किंवा जास्त मुक्काम करतो, मग रक्तात उतरतो. रोजची 100 मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन काय किंवा आठवड्याची 250 मिलिग्रॅम मेफ्लोक्विन काय, दोन्हींचा मारा मुख्यतः रक्तातल्या परजीवीवर असतो. म्हणून तो देश सोडल्यावर आणखी चार आठवडे गोळी घ्यायचीच. मुंबईला उतरल्या दिवशी गोळी बंद केली, तर यकृतात लपलेल्याला दार उघडंच मिळतं. ‘पोट बिघडतं’ हे कारण नेहमीचं. डॉक्सीसायक्लिन जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. मेफ्लोक्विनने झोप उडत असेल, मन उदास राहत असेल, तर गोळी मनाने सोडू नका, एमओकडून (युनिटच्या लष्करी डॉक्टरकडून) बदलून घ्या. फिट येणाऱ्याला किंवा नैराश्याचा त्रास असलेल्याला ती द्यायचीच नसते.

डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘हे अमुक तारखेला काँगोहून आले.’ ते सांगितलं नाही, तर पावसाळ्यात प्लेटलेट कमी दिसल्या की डेंगी म्हणून सलाइन लावून मोकळे होतात. मलेरियातही प्लेटलेट पडतात. एक तपासणी निगेटिव्ह आली म्हणून सुटका झाली असं नाही. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने तीनदा रक्त पाहावं लागतं. आणि दुकानातून क्लोरोक्विन आणून देऊ नका. आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमवर तिचा भरवसा धरता येत नाही.

‘आम्हाला लहानपणी हिवताप होऊन गेलाय, आता होत नाही’ असं जवान सांगतात. निव्वळ गैरसमज आहे. दुसरी एक जात, ओव्हेल, यकृतात दडून काही महिन्यांनीही उठते. ती निघाली तर प्रायमाक्विन हे औषध लागेल, पण आधी जी-सिक्स-पीडी (रक्तपेशींतलं एक एन्झाइम) तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर रक्तपेशी फुटतात. म्हणजे हा घरगुती उपायाचा विषय नाही. जवळचं लष्करी रुग्णालय गाठा. ते लांब असेल तर जिल्हा रुग्णालय, आणि तिथूनच युनिटच्या एमओला फोन. बडबड, झापड, कावीळ, लघवी गडद किंवा कमी होणं, यातलं काही दिसलं तर थेट अतिदक्षता विभागात.

येताना हस्तिदंताची छोटी मूर्ती आणली तर? – अहिल्यानगर

गुन्हा आहे. लाकडी आणा.

संयुक्त राष्ट्रांचं पदक किती दिवसांनी मिळतं? – रत्नागिरी

मोहिमेत नव्वद दिवस भरल्यावर. मधल्या रजेचे दिवस कसे धरले हे तुकडीच्या कार्यालयातच विचारा, आणि परतण्याआधी विचारा.