जुनी वस्तू ऑनलाइन विकताना कोणी निम्म्याहून कमी भाव मागितला तर काय उत्तर द्यावं?

रागावू नका, पण खुलासे देत बसू नका. सिडकोतलं घर सोडताना मी लोखंडी कपाट ६,००० ला टाकलं होतं. पहिलाच मेसेज: "लास्ट किती? २,००० देतो, आत्ता नेतो." मी एवढंच लिहिलं, "५,५०० च्या खाली नाही, बघायला या." तो फिरकला नाही. पंचवटीतल्या एक काकू आल्या, दार उघडून-लावून पाहिलं, कुलूप अडकतंय म्हणून आणखी ३०० कमी करून घेतले. घासाघीस करावी तर अशी! ठरलेला भाव दारात टेम्पो उभा करून पाडणाऱ्याला मात्र पाणी पाजून परत पाठवा. आणि हो, पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. "क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" म्हणणाऱ्याला लगेच ब्लॉक करा.