वाचकांचे प्रश्न : तोडणीला जाणाऱ्यांची मुले

प्रश्न : आमच्या गावातील (जि. बीड) एक जोडपे दिवाळीनंतर ऊसतोडणीला जाणार आहे. मुलगी सातवीत आहे, मुलगा तिसरीत. घरी थकलेली आजी आहे. दोन्ही मुलांना बरोबर न्यायचे आणि उन्हाळ्यात मुलीचे लग्न उरकायचे, असे बोलणे चालू आहे. आम्ही थोडी वर्गणी जमवली आहे. ती कशी वापरावी?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : वर्गणीचे नंतर पाहू. मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ट्रॅक्टर दाराशी लागला की कोणी कुणाचे ऐकून घेत नाही, म्हणून जे करायचे ते दसऱ्याच्या आत करा. मुख्याध्यापकांना भेटून तोडणीला जाणाऱ्या पालकांच्या मुलांची यादी करवून घ्या आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वेळेत जाईल असे पाहा. त्यात मुलांच्या जेवणाची सोय गावातच होते, त्यामुळे आजीच्या मागची चूल सुटते. मंजुरी लांबली, तर मधले आठवडे तुमच्या वर्गणीवर निभावतील.

मुलीच्या बाबतीत आईवडिलांना दोष देऊन काही साधणार नाही. उसाच्या फडाजवळच्या कोपीला, म्हणजे तात्पुरत्या झोपडीला, कडी लावण्याजोगे दार नसते. पहाटे तोडणीला निघताना वयात येणारी मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही धास्ती खरी आहे. शिवाय लग्न झाले की नवराबायकोचा नवा ‘कोयता’, म्हणजे तोडणीची जोडी, तयार होतो आणि त्यावर वेगळी उचल मिळते. हा हिशेब सहसा कोणी बोलून दाखवत नाही. मुलगी आजीजवळ सुरक्षित राहील अशी आईची खात्री पटवणे, हे काम गावातल्या बायकाच करू शकतील. तरीही लग्न ठरलेच, तर 18 वर्षांखालील मुलीचा विवाह 2006 च्या कायद्याने गुन्हा आहे, ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हे गावातील बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि 1098 या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावरही कळवता येते.

मुलांना न्यावेच लागले, तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण चालू ठेवण्यासाठी स्थलांतरित मुलांना मिळणारे पत्र) घेऊन द्या. जुन्या शाळेचा दाखला हाती नाही एवढ्या कारणाने कारखान्याजवळच्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसे स्पष्ट म्हटले आहे.

वर्गणीची रक्कम वडिलांच्या हाती रोख देऊ नका, ती उचलीच्या फेडीत जाईल. मुले मागे राहिली, तर त्यातून आजीच्या मोबाइलचे रिचार्ज मात्र दरमहा करा; तिसरीतल्या मुलाला रात्री आईशी बोलता आले पाहिजे.