माझ्या पोटातच बिघडलं का?

जळगावात समुपदेशन करताना गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की समोरची आई पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळू लागली की तो आता येणार हे मला कळते. मुलाची सोनोग्राफी झालेली असते, रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात चरबी साठल्याचे लिहिलेले असते, डॉक्टरांनी वजन आटोक्यात आणायला सांगितलेले असते. आईच्या मनात मात्र बारा-तेरा वर्षांपूर्वीचे नऊ महिने उलगडू लागलेले असतात. कुणी त्या दिवसांत मिसरी लावलेली असते, कुणाच्या रक्तात तेव्हा साखर वाढलेली असते, कुणी फवारणीच्या वासात राबलेली असते. ‘माझ्या पोटातच बिघडलं का?’ या प्रश्नाला मी काय उत्तर देते, ते एका आईच्या निमित्ताने लिहिते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ती अमळनेरकडच्या एका गावातली, घरची कपाशीची शेती असलेली. मुलगा तेरा वर्षांचा, वजन ६८ किलो. आईला झोप लागत नाही हे पाहून बालरोगतज्ज्ञांनी तिला माझ्याकडे पाठवले होते. पहिल्या भेटीत ती मुलाविषयी फार थोडे बोलली. बोलली ती एका बादलीविषयी. सहावा महिना होता, कपाशीवर मावा आणि तुडतुडे आले होते, नवऱ्याच्या पाठीवर पंप होता, आणि बाटलीच्या टोपणाने औषध मोजून, काडीने ढवळून, ती बादली बांधापर्यंत नेण्याचे काम हिच्याकडे होते. संध्याकाळी फवारणीचे कपडेही तीच धूत असे. मूल जन्मले तेव्हा त्याचे वजन २ किलो १०० ग्रॅम भरले. आता कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता, की असली विषे नाळेवाटे बाळापर्यंत पोहोचतात आणि त्याच्या यकृताला बाधतात. तोवर मला ‘मॅडम’ म्हणणारी ती एकदम अहिराणीवर आली. “ताई, मन्हीच चूक शे.”

अशा वेळी ‘तसं काही नसतं हो’ असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. मी ते करत नाही. माझा पिंड विवेकाच्या वाटेने जाणारा आहे, आणि खोट्या दिलाशाने शांत झालेले मन पुढच्या व्हिडिओपर्यंतच शांत राहते, हे मी पुरेसे पाहिले आहे. गर्भातल्या दिवसांचा यकृताशी संबंध असतो. २०२२ मध्ये युरोपातल्या सहा देशांतील हजाराहून अधिक माय-लेकरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला; गरोदरपणी काही कीटकनाशके, पारा आणि टिकाऊ औद्योगिक रसायने ज्यांच्या शरीरात अधिक होती, त्यांच्या मुलांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या खुणा अधिक प्रमाणात दिसल्या. पण असा अभ्यास हजार मुलांविषयी बोलतो, एका मुलाविषयी नाही. या मुलाच्या यकृतात त्या बादलीचा वाटा किती, हे आज कोणतीही तपासणी सांगू शकत नाही, आणि तेही मी तिला तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

दुसरी गोष्ट आपल्याच मुलखाजवळची आहे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आतली, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची; पण आपल्या बाळांत कमी पडले होते ते मुख्यतः स्नायू, त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. अशा बारीक जन्मलेल्या बाळाचे वजन पुढे झपाट्याने वाढवले, तर ते वाढणे बरेचदा चरबीचे असते. मी तिला शेताच्याच भाषेत सांगितले, की गर्भातले दिवस शेताला उतार देऊन जातात, पण त्यावर पाणी किती सोडायचे हे नंतर ठरते.

ती मान डोलावत राहिली, पण चेहरा हलला नाही. माहितीने अपराधभाव जात नाही, हे मला ठाऊक असूनही दरवेळी नव्याने शिकावे लागते.

चौथ्या भेटीत मी तिला नऊ महिन्यांविषयी बोलू दिले नाही. तेरा वर्षांविषयी विचारले. “त्याच्या एका दिवसाचं खाणं सांगा, उठल्यापासून.” ती उत्साहाने सांगू लागली. सकाळी पेल्यात तीन चमचे साखर घातलेले दूध आणि बिस्किटांचा पुडा, शाळेत जाताना दहाची नोट, दुपारी परतल्यावर फ्रीजमधली थंड्याची बाटली, संध्याकाळी शेवेचा डबा, जो फक्त त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला. मग बोलता बोलता ती म्हणाली, की त्याच्या मानेवर काळा मळ साचतो, डाळीच्या पिठाने घासून घासूनही निघत नाही. तो मळ नसतो. इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची ती बरेचदा खूण असते. मी ते तेवढेच सांगितले आणि विचारले, “इतकं सगळं त्याला का देत होता?”

“बारीक जन्मला होता ना. पोटात असताना मी त्याचं नीट केलं नाही, मग बाहेर आल्यावर तरी...”

वाक्य तिथेच राहिले. तिने पदराचे टोक सोडले आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिले. “म्हणजे बादलीची भरपाई मी बाटलीनं करत होते?”

त्या क्षणी मी काही बोलले नाही, आणि न बोलणे मला जमले याचे आजही समाधान आहे. अपराधभाव माणसाला खचवतो, एवढेच मी आजवर मानत आले होते. तो स्वयंपाकघरातही शिरतो आणि पळी हातात घेऊन वाढू लागतो, हे मला त्या दुपारी दिसले. तेव्हापासून ‘काय खातो?’ याच्या आधी मी ‘कोण वाढतं आणि कशासाठी?’ हे विचारते.

पुढच्या आठवड्यात ती अधिक खचून आली. “आता तर दोन्हीकडून मीच.” हे मी आधी ओळखायला हवे होते. मग त्या बैठकीत आम्ही दोष आणि जबाबदारी वेगळे केले. बादली उचलताना तिला कुणी काय सांगितले होते? काही नाही. नाही म्हणण्याची सोय होती का? नव्हती. दहाची नोट रोज कोण देत होते? वडील. तेव्हा त्यांनाही बोलावले. ते आले आणि पाऊण तास खाली मान घालून बसले, पण आले.

डॉक्टरांचे काम डॉक्टरांचेच. रक्ततपासण्या, लठ्ठपणाखेरीज दुसरे काही कारण आहे का याचा शोध, हे त्यांच्याकडेच व्हावे, आणि ‘लिव्हर साफ करणारे’ काढे परस्पर देऊ नयेत. काही वनौषधींनीच यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आपल्या देशात आहेत. सुरुवातीच्या टप्प्यातली यकृतातली चरबी उतरू शकते, हे मात्र प्रत्येक आईने ऐकायला हवे. वाढत्या वयात मुलाला उपाशी ठेवायचे नसते. पुष्कळदा उंची वाढत असताना वजन तिथेच राहिले तरी पुरते. पहिली जाते ती बाटली, कारण थंड्याच्या ३०० मिलिलिटरमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर असते आणि तिच्यातल्या फ्रुक्टोजचा भार मुख्यतः यकृतच उचलते. त्याजागी खान्देशाला नवे काही शोधावे लागत नाही: कळण्याची भाकरी, डाळ, वांग्याचे भरीत, तेलाचा हात जरा आखडून. रोज तासभर घाम येईल असा खेळ हवा. शेवेचा डबा मुलापासून लपवू नये, तो घरातूनच जावा, आणि तो सगळ्यांसाठी जावा. एकट्या मुलाला पथ्य म्हणजे शिक्षाच.

आठ महिन्यांनी त्याचा एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, मर्यादेत आल्याचे डॉक्टरांनी कळवले. वजन दोनच किलोंनी उतरले होते, उंची मात्र चार सेंटिमीटरने वाढली होती. मान अजून थोडी काळी आहे, पण आई आता ती घासत नाही.

शेवटच्या भेटीत उठता उठता तिने सांगितले, की धाकट्या जावेला पाचवा महिना लागला आहे. “यंदा बादली दिराच्या हातात दिली. आणि फवारणीचे कपडे ज्याचे त्यानं धुवायचे, वेगळ्या टबात. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. बोलतील.”