फॅशन, म्युझिक, डिझाइनमध्ये अलीकडे तुम्हाला खरंच नवीन असं काय सापडलं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की इन्स्टावर सगळं एकसारखंच दिसतं, तेच ढगळे टीशर्ट, तीच पंधरा सेकंदांची गाणी, कुणाला काही वेगळं सापडलं असेल तर सांगा. मला सापडलंय, पण अंथरुणात सापडलंय, हसू नका.

मी सोलापूरचा. फ्लेक्स, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या असली डिझाइनची कामं करतो, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरवर कोरल हे डिझाइनचं आणि श्रीलिपी हे मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर. मागच्या थंडीत ताप येऊन चार दिवस घरी पडून होतो, मोबाईल बघून बघून डोळे दुखायला लागले म्हणून बाजूला ठेवला, तर नाकासमोर चादरीचा काठ. त्यावर विणलेली अक्षरं, 'सोलापूर'. जन्मापासून हीच चादर पांघरतोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की 'ल'ची गोलाई गोल नाहीच, जिना आहे, पायऱ्यापायऱ्यांनी वळवलीय. 'पू'चा ऊकार तर मोजून पाच-सहा चौकोनांत उरकलाय आणि तरी लांबून झक्क वाचता येतो. मोराचा पिसारा पण तसाच. चादर उलटी केली तर तोच मोर, फक्त रंगांची अदलाबदल, इकडं मरून रंगाच्या जमिनीवर पांढरा मोर तर तिकडं पांढऱ्यावर मरून. म्हटलं अरे, परदेशातले डिझायनर ज्याला पिक्सेल आर्ट, म्हणजे चौकोनी ठिपक्यांचं चित्र, म्हणून मिरवतात ते मी लहानपणापासून अंगावर घेऊन झोपतोय की.

ताप उतरल्यावर गप्प बसवेना. आमच्याकडं पूर्व भागात, साखर पेठ, कन्ना चौक त्या बाजूला तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली लोकांची वस्ती आहे, चादरीचा धंदा बहुतेक त्यांनीच उभा केला. तिथं ओळखीचे एक अण्णा आहेत, आयुष्यभर जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणारी भोकांची, कार्डं पंच केलेली. त्यांनी कपाटातून आलेखाच्या कागदाची गुंडाळी काढली आणि जमिनीवर पसरली, त्यावर पेन्सिलनं चौकोन चौकोन भरून काढलेलं देऊळ. एक आडवी ओळ म्हणजे विणताना एक आडवा धागा. त्या ओळीवरनं पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोकं पाडायची. भोक असेल तिथला उभा धागा मागावर वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो, पुढचं कार्ड येतं. अशी शेकडो कार्डं दोरीनं एकमेकांना शिवून त्याची माळ करून मागावर चढवायची. मी विचारलं एखादं भोक चुकलं तर? अण्णा म्हणाले, "मग काय, येईल त्या प्रत्येक चादरीत मोराचा डोळा फुटलेला." आता बऱ्याच ठिकाणी हे काम कॉम्प्युटरवर होतं, पण अण्णांचं बोट अजून कार्डावरून फिरतं तेव्हा वाचल्यासारखंच फिरतं.

घरी येऊन मग वाचत बसलो. हा जॅकार्ड म्हणजे जोसेफ मारी जॅकार्ड, फ्रान्समधल्या ल्योंचा, 1804 च्या सुमाराचं त्याचं यंत्र. आणि 1839 मध्ये त्याचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली! लोकांना ते छापील चित्र वाटायचं. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाकडं त्याची एक प्रत होती आणि त्याच्या हिशेबाच्या यंत्रासाठी त्यानं ही कार्डांचीच कल्पना घेतली, म्हणजे आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो त्याच्या पणज्याच्या अंगावर पण चादरच होती असं समजा. आणि 1984 मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश कॉम्प्युटर आला त्यातले ते छोटे आयकॉन, हसरा कॉम्प्युटर वगैरे, सुझन केअर नावाच्या बाईंनी आधी आलेखाच्या कागदावरच चौकोन भरून काढले होते. अण्णांना मी हे फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "बारीक काम आहे, पण रंग एकच का?" त्या कॉम्प्युटरचा पडदा काळा-पांढराच होता म्हटल्यावर त्यांना त्या बाईंची जरा दयाच आली.

आता फॅशनचं. मी अतिशहाणपणा केला. नवी चादर आणली आणि एका टेलरकडं जॅकेट शिवायला टाकली. तो आधीच म्हणाला, "मालक, ह्याला दुहेरी कापड, सुई मोडंल." दोन मोडल्या, पैसे माझ्याकडनंच घेतले. जॅकेट दिसायला एक नंबर, पाठीवर अख्खा मोर, फोटोला भारी लाइक, पण अंगात घातल्यावर गोधडीत हात घालून फिरतोय असं वाटायचं, शिवाय कापलेल्या कडा सुटून आतल्या टीशर्टला लव चिकटायची, आणि पहिल्याच धुण्यात रंगानं पांढऱ्या मोराचा गुलाबी मोर केला. सोलापुरात एप्रिलला 42-43 डिग्री असतं हे मी जानेवारीत विसरलो होतो. कुणाला करायचंच असेल तर पूर्ण जॅकेट नको, कॉलर आणि खिशापुरतं कापड वापरा, नाहीतर पिशवी करा, आणि कापायच्या आधी चादर दोनदा धुऊन घ्या. हे मला कुणी सांगितलं नाही.

त्यापेक्षा अंगात घालण्याजोगी भारी गोष्ट आमच्या गड्ड्याच्या जत्रेत आहे, बाराबंदी. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात तेव्हा मानकरी-भक्त पांढरी बाराबंदी घालतात, बटण नाही, बंद बांधायचे. मॉलमध्ये रॅप शर्ट म्हणून असंच काहीतरी दीड-दोन हजाराला लटकवलेलं बघितलं तेव्हा मला काखेतल्या बंदाची गाठ आठवली. पण ते श्रद्धेचं कापड आहे, त्याचं नुसतं रील करायला मला स्वतःला बरं वाटत नाही, ज्याचं त्यानं बघावं.

चपलांचं तर तुम्हाला माहीतच असेल, 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीनं पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल उतरवली आणि आधी नुसतं चामडी सँडल म्हटलं, बोंबाबोंब झाल्यावर मग मूळ भारतातलं आहे हे कबूल केलं. सगळे कोल्हापूर कोल्हापूर करत होते, पण 2019 ला त्या चपलेला जे जीआय, म्हणजे ही वस्तू अमुक भागातलीच असं सांगणारं सरकारी मानांकन, मिळालं त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत आणि त्यात सोलापूर पण आहे, हे आमच्या नवी पेठेतल्या लोकांना पण ठाऊक नव्हतं.

म्युझिकमध्ये मला सापडलं ते अमापियानो, दक्षिण आफ्रिकेतलं, मिनिटाला साधारण 110 ते 115 ठोक्यांचं, घाई नसलेलं. त्यातला तो 'डुम्म' करून घसरत जाणारा आवाज, त्याला लॉग ड्रम म्हणतात, पण तो लाकडी ढोल नाहीच, एफएल स्टुडिओ या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या एका प्लगइनमधून, म्हणजे आवाज काढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून निघालेला आहे. तेच एफएल स्टुडिओ आमच्या गल्लीतला डीजेवाला पोरगा वापरतो. त्याला ऐकवलं तर त्यानं कान दिला आणि म्हणाला, "दादा, ह्याच्यावर हलगी बसंल." आणि बसली! एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्यात बारीक काडी, ती काडी जी कडकड करते ना, ती त्या 'डुम्म'च्या मधल्या रिकाम्या जागेत चपखल बसते. खरी हलगी रेकॉर्ड करायला घेतली तेव्हा दर दहा मिनिटांनी कागद पेटवून चामडं शेकायला लागायचं, नाहीतर आवाज बसायचा, शेवटी शेजारच्या काकूंनी धूर बघून आरडाओरडा केला. नटबोल्टवाली फायबरची हलगी मिळते, पण ती मला पत्र्यासारखी वाजते.

सध्या माझं वेगळंच चाललंय. आलेखाच्या कागदावर पूर्ण मराठी अक्षरं काढतोय, चादरीवरच्या अक्षरांसारखी, आठ चौकोन उंच, वेलांट्या-मात्रांना वर तीन आणि खाली तीन सोडून. 'क' ते 'ह' झालं. 'ज्ञ'वर तीन आठवडे अडकलोय, आठ चौकोनांत तो काही केल्या बसत नाही, नऊ केले तर बाकीची सगळी परत काढावी लागतील. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "कशाला डोकं खातोस, 'ज्ञ' येतो असला शब्द चादरीवर कोण विणायला सांगणार आहे?"